एका रेषेतले ड्रिल

कारखान्यात नेहमी वापरले जाणारे १० मिलिमीटरचे ड्रिल घ्या. डोळ्यांना ते टोकापासून मागेपर्यंत एकाच जाडीचे वाटते, पण मायक्रोमीटर वेगळे सांगतो. टोकाशी त्याची जाडी सर्वांत जास्त असते आणि मागे शँककडे, म्हणजे धरायच्या दांड्याकडे जाताना ती हळूहळू कमी होत जाते. शंभर मिलिमीटर लांबीत हा फरक काही शतांश मिलिमीटरचाच असतो, आणि तो मुद्दाम ठेवलेला असतो. भोकात खोल गेल्यावर मागचा भाग भिंतीला घासून तापू नये, अडकू नये, यासाठी ही योजना आहे. तसेच दोन्ही पिळांच्या कडेने वर चढत जाणारी एकेक अरुंद, चकचकीत पट्टी बोटाला लागते. ती मार्जिन. तिच्या मागचा भाग तिच्यापेक्षा किंचित खाली घेतलेला असतो. भोकाच्या भिंतीला ड्रिल टेकते ते या दोन पट्ट्यांपुरतेच, आणि तेही मुख्यतः टोकाजवळ.

यावरून एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. ड्रिल स्वतःच पाडलेल्या भोकाचा आधार घेत पुढे जाते. टोक धातू कापते आणि टोकामागच्या मार्जिन त्या ताज्या भिंतींना टेकून पुढची वाट ठरवतात. सुरुवात सरळ झाली तर ड्रिल सरळ जात राहते, पण सुरुवातीलाच तिरपी वाट पडली तर तीच तिरपी वाट ते निष्ठेने पुढे नेते. म्हणून ड्रिल सरळ असणे आणि एखादी सळई सरळ असणे यांत फरक आहे. ड्रिलची शँक, त्याचे पिळदार अंग आणि त्याच्या टोकाचा मध्य हे तिन्ही एका अक्षावर असावे लागतात. तो अक्ष ड्रिल धरणाऱ्या चकच्या अक्षाशी जुळावा लागतो, चकचा मशीनच्या फिरत्या स्पिंडलशी, आणि स्पिंडल टेबलाला काटकोनात असावा लागतो. यांतली एक जरी कडी ढळली तरी भोक मोठे, वाकडे किंवा तिरपे पडते. ढळलेली कडी मात्र क्वचितच आपल्याला वाटते ती असते.

टोक जाड आणि मागचा भाग बारीक ठेवण्याची युक्ती यंत्रयुगाच्या कितीतरी आधीची आहे. सिंधू संस्कृतीचे कारागीर इंद्रगोप किंवा अकीक या लालसर कठीण दगडाचे लांबलचक मणी घडवत आणि त्यांच्या आरपार बारीक भोक पाडत. पुरातत्त्वज्ञ अर्नेस्ट मॅके यांनी १९३५-३६ मध्ये चन्हुदडो येथे उत्खनन केले तेव्हा या कामाची दगडी गिरमिटे सापडली. पुढे या दुर्मीळ, अतिकठीण दगडाला त्यांच्याच नावावरून अर्नेस्टाइट म्हणू लागले. या गिरमिटांचे टोक किंचित जाड आहे आणि कंबर बारीक. जोनाथन मार्क केनोयर आणि मास्सिमो विदाले यांनी या गिरमिटांचा अभ्यास केला. त्यांच्या प्रयोगात अकीकमध्ये तासाला सुमारे अडीच मिलिमीटर एवढीच प्रगती झाली. म्हणजे सहा सेंटिमीटरच्या मण्यासाठी चोवीस तासांचे निव्वळ भोक पाडणे. शिवाय लांब मण्याला दोन्ही टोकांकडून भोक पाडत आणि ती दोन भोके मध्यावर भेटवत. हाताने ओढलेल्या धनुकलीवर फिरणारे गिरमीट दोन्ही बाजूंनी इतके सरळ नेणे, हे आजच्या डायल इंडिकेटरवाल्या माणसानेही मान खाली घालून बघावे असे काम आहे. खंबातचे पारंपरिक मणी-कारागीरही धनुकलीनेच भोक पाडत आले आहेत, फक्त त्यांच्या गिरमिटाच्या टोकाला हिऱ्याचे कण बसवलेले असतात. आपल्याकडच्या सुताराचा सामताही याच घराण्यातला.

धातूत भोक पाडायला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चपट्या टोकाचे, भाल्यासारखे ड्रिल वापरत. त्याला भिंतीचा आधार जवळजवळ नसे, त्यामुळे ते सहज पळे. पिळाचे ड्रिल जास्त चांगले हे लोकांना ठाऊक होते, पण ते बनवायचे कसे? गोल सळईवर कारागीर गोल कानशीने पिळाच्या खाचा हाताने काढत बसे. दोन्ही खाचा सारख्या खोल, सारख्या पिळाच्या आणि मध्यापासून सारख्या अंतरावर येणे हे केवळ त्याच्या हातावर अवलंबून होते. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात बंदुकांच्या निपलमधल्या, म्हणजे ठिणगी आत नेणाऱ्या नळीतल्या बारीक भोकांसाठी अशी ड्रिले हजारोंनी लागू लागली. तेव्हा प्रॉव्हिडन्स टूल कंपनीचे फ्रेडरिक हाऊ ही अडचण घेऊन ब्राउन अँड शार्पच्या जोसेफ ब्राउन यांच्याकडे गेले. त्यातून १८६१-६२ मध्ये युनिव्हर्सल मिलिंग मशीन जन्माला आले. जगभरच्या टूलरूममध्ये पुढे शंभर वर्षे राज्य करणारे हे यंत्र मुळात ड्रिलच्या खाचा सारख्या पाडता याव्यात म्हणून घडले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. १८६३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या स्टीफन मोर्स यांनी पिळाच्या ड्रिलचे पेटंट घेतले. ड्रिलची मागची निमुळती शँक ज्या प्रमाणित उतारावर स्पिंडलमध्ये बसते, त्याला आजही मोर्स टेपर म्हणतात. हा उतार साधारण वीसास एक आहे. इतका मंद की स्वच्छ टेपर एका झटक्यात आत बसवला तर तो घर्षणानेच घट्ट धरून राहतो, आणि स्वतःहून मध्यावर येतो.

आज ड्रिल मुख्यतः हायस्पीड स्टीलचे असते. फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी बेथलेहेम स्टील कंपनीत हे पोलाद सिद्ध केले आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ते जगासमोर आले. त्याचा मोठा गुण असा की सहाशे अंशांच्या आसपास तापूनही ते कापत राहते. पण हा गुण त्याला मिळतो तो सुमारे १२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, झटकन निववून आणि पुन्हा साडेपाचशेच्या आसपास टेम्पर करून. या उष्णतेत लांब, बारीक, पीळ असलेली वस्तू वाकते. न वाकली तर नवल. कारखान्यात एक अवसर मात्र साधता येतो. वितळलेल्या क्षाराच्या कुंडातून काढलेले ड्रिल गरम असेपर्यंत पुरते कडक झालेले नसते. ते आणखी निवून दोनशे अंशांच्या आसपास आले की खरा कडकपणा सुरू होतो. मधल्या थोड्या वेळात ते दाबून सरळ करता येते. एकदा ही वेळ टळली की त्याच ड्रिलला तसे वाकवायला जाणे म्हणजे त्याचे दोन तुकडे करणे. उरलेला बाक नंतर ग्राइंडिंगमध्ये काढला जातो. कडक सळईतूनच खाचा ग्राइंड करून काढलेली ड्रिले गरम लाटून केलेल्या स्वस्त ड्रिलांपेक्षा जास्त सरळ निघतात, आणि ड्रिल विकत घेताना हा फरक विचारून घेण्यासारखा आहे.

चांगले ड्रिलही कामात वाकते, कारण ते एका बाजूने धरलेले आणि दुसऱ्या बाजूने मोकळे असते. अशा दांड्याच्या टोकावर बाजूने जोर आला तर त्याचे झुकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि व्यासाच्या चौथ्या घातात घटते. वाक्य कोरडे आहे, पण अर्थ थरारक आहे. बाहेर आलेली लांबी निम्मी केली तर ड्रिल आठपट ताठ होते. व्यास निम्मा केला तर ते सोळापट लवचीक होते. नेहमीचे १० मिलिमीटरचे ड्रिल १३३ मिलिमीटर लांब असते आणि त्यातला खाचांचा भाग ८७ मिलिमीटर. याच व्यासाचे आखूड, म्हणजे स्टब ड्रिल ८९ मिलिमीटरचे असते आणि खाचा ४३ मिलिमीटरच्या. खाचांची लांबी निम्म्यावर येताच ताठपणा आठपट. पातळ पट्टीत भोक पाडायला ८७ मिलिमीटरच्या खाचा कशाला हव्यात? तरीही बहुतेक वर्कशॉपच्या खणात स्टब ड्रिल सापडत नाही. भोक सरळ पडावे असे ज्याला मनापासून वाटते त्याने महागडा चक घेण्याआधी तीन-चार नेहमीच्या मापांची स्टब ड्रिले घ्यावीत, असे माझे ठाम मत आहे.

आता ड्रिल मशीनवर डगमगते आहे, तर दोष कोणाचा? बहुतेक जण ड्रिलकडे बोट दाखवतात. पण ते तपासायची एक साधी आणि निर्णायक रीत आहे. चकच्या एका जबड्यावर खडूने खूण करा. ड्रिल बसवून, मशीन बंद ठेवून, शँकच्या उघड्या गुळगुळीत भागावर चकपासून जरा दूर डायल टेकवा आणि स्पिंडल हाताने सावकाश फिरवा. काटा कुठे सर्वांत पुढे जातो ते पाहा. त्या जागी ड्रिलवरही खूण करा. आता चक सैल करून ड्रिल जबड्यांच्या हिशेबाने अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळा आणि परत मोजा. उंचवटा ड्रिलवरच्या खुणेबरोबर फिरला तर दोष ड्रिलचा. तो चकवरच्या खुणेपाशीच राहिला तर ड्रिल निर्दोष आहे आणि दोष चकचा किंवा त्यामागच्या टेपरचा. डायलवर दिसतो तो आकडा, म्हणजे रनआउट, मध्य ढळल्याच्या दुप्पट असतो, हेही ध्यानात असावे. ०.१० मिलिमीटर रनआउट म्हणजे अक्ष ०.०५ मिलिमीटरने बाजूला.

चावीने आवळण्याचा तीन जबड्यांचा जो चक सर्वत्र दिसतो, तो हार्टफर्डच्या आर्थर जेकब्स यांनी १९०२ मध्ये पेटंट केला. त्याच्या अंगावर चावीसाठी तीन भोके असतात, आणि ती नुसती सोयीसाठी नसतात. एकाच भोकातून जोर लावला तर आतली नट-रिंग एका बाजूला ओढली जाते. तिन्ही भोकांतून थोडे थोडे आवळले तर जबडे सारखे बसतात आणि तेच ड्रिल जास्त मध्यावर फिरते. चांगल्या चकचा रनआउट शतांश मिलिमीटरच्या काही मोजक्या खुणांत राहतो, पण त्याला बिघडवायला लोखंडाचा एक कण पुरे. हिशेब करून पाहा. जबड्याने शँक २५ मिलिमीटर लांबीवर धरली आहे आणि एका टोकाला ०.१ मिलिमीटरचा कीस अडकला आहे. शंभर मिलिमीटर पुढे असलेले ड्रिलचे टोक त्यामुळे जवळजवळ ०.४ मिलिमीटर बाजूला जाते. असे ड्रिल पाहणारा ते वाकडे समजून फेकून देतो, आणि दोष असतो फुंकरीने उडणाऱ्या कणाचा.

शँकवरचे ओरखडे हा दुसरा नेहमीचा गुन्हेगार. ड्रिल कामात अडकले आणि चक फिरतच राहिला की जबडे शँकला खरवडतात. तिथे धातूची बारीक उभार कड, म्हणजे बर, उभी राहते, आणि पुढच्या वेळी ड्रिल त्या बरवर बसते. शँकवरून नख फिरवले तर ती लगेच जाणवते. बारीक ऑइलस्टोनने ती काढली की पुष्कळदा वाकडे ठरवलेले ड्रिल पुन्हा सरळ फिरू लागते. टेपर शँक असेल तर स्लीव्हच्या आतली बाजू बोटाला कापड गुंडाळून पुसावी. टेपर काढताना स्लीव्हच्या खाचेत ड्रिफ्ट, म्हणजे चपटी पाचर, घालून शँकच्या मागच्या टांगेवर ठोका द्यावा. बाजूने हातोडी मारून तो सोडवण्याची घाई स्पिंडलच्या बेअरिंगला भोवते.

ड्रिल खरोखर वाकले आहे का हे मशीनविनाही कळते, पण लोक ते चुकीच्या रीतीने पाहतात. संपूर्ण ड्रिल काचेवर किंवा सरफेस प्लेटवर लोळवले तर पिळाच्या कडा आणि शँक यांच्या जाडीतला फरकच डोळ्यांना फसवतो. त्यापेक्षा फक्त शँक प्लेटच्या काठाशी ठेवावी, पिळाचा भाग काठाबाहेर मोकळा सोडावा आणि शँक बोटांनी हलकी दाबत लोळवावी. टोकामागे पांढरा कागद धरला तर टोक एका जागी राहते की वर्तुळ काढते ते स्पष्ट दिसते. शतांश मिलिमीटर यातून कळत नाहीत, पण डोळ्यांना डगमग दिसली तर निकाल लागला.

या सगळ्यात सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते ते टोक. अंग पूर्ण सरळ असूनही धार लावताना टोकाचा मध्य ढळला तर ते ड्रिल कामापुरते वाकडेच. साधारण कामाच्या ड्रिलच्या टोकाचा कोन ११८ अंश असतो, म्हणजे प्रत्येक धार अक्षाशी ५९ अंशांवर. एका बाजूची धार दुसरीपेक्षा लांब झाली की मधली आडवी धार, म्हणजे चिझेल एज, अक्षावरून सरकते. ड्रिल मग त्या सरकलेल्या बिंदूभोवती फिरू पाहते आणि लांब धारेच्या मापाचे, म्हणजे ड्रिलहून मोठे भोक पाडते. कोन विषम असले तर एकच धार कापते आणि दुसरी नुसती मागे मागे फिरते. याची खूण मशीनवरच मिळते. मऊ पोलादात नीट धार लावलेले ड्रिल उतरताना दोन्ही खाचांतून सारख्या जाडीचे दोन कीस पिळत वर येतात. एकाच खाचेतून जाड कीस येत असेल आणि दुसरीतून चुरा, तर मशीन थांबवून ड्रिल पुन्हा घासायला न्यावे. कोनाचा गेज दोन्ही धारांवर उलटसुलट लावून लांबी जुळवणे हे आयटीआयच्या फिटरला पहिल्याच वर्षी शिकवतात, आणि ते योग्यच आहे.

चिझेल एज खरे तर कापत नाही, ती धातूला चिरडत बाजूला सारते. खाली दाबायला लागणाऱ्या जोराचा निम्मा किंवा त्याहूनही जास्त वाटा ती एकटी खाते. गुळगुळीत पृष्ठभागावर पहिल्या क्षणी तीच टेकते. मार्जिनला भिंत मिळालेली नसते, म्हणून ड्रिल तिथे चालू लागते, पळते. सेंटर पंचची खळी त्यासाठीच. त्याहून चांगले म्हणजे आखूड, ताठ स्पॉटिंग ड्रिलने केलेली खळी. तिचा कोन ड्रिलच्या टोकापेक्षा जरा पसरट, १२० अंश किंवा अधिक असावा, म्हणजे ड्रिलचा मध्य आधी टेकतो आणि धारांचे कोपरे नंतर. पातळ पत्र्यात हा आधार मिळण्याआधीच ड्रिल आरपार जाते. तिथे दोन धारांचे गोल फिरणारे हत्यार चक्क तीन कोपऱ्यांचे भोक पाडते. दोन धारा आळीपाळीने एकमेकींना ढकलतात, टोक एका जागी न राहता झोके घेत फिरते आणि गोलाऐवजी त्रिकोणाकडे झुकणारा आकार उमटतो. पत्र्याखाली जाड लाकूड घट्ट धरले आणि पत्रा वरूनही दाबला की हा त्रास बराच कमी होतो.

उरला टेबलाचा काटकोन. चकमध्ये जाड तार एल आकारात वाकवून धरावी, तिचे टोक टेबलावर ठेवलेल्या कागदाला जेमतेम लागेल इतके खाली आणावे आणि स्पिंडल हाताने फिरवून चारही दिशांना कागद सारखाच अडकतो का पाहावे. डायल असेल तर आकडाच मिळतो. २०० मिलिमीटर अंतरावरच्या दोन बिंदूंत ०.१ मिलिमीटर फरक आला तर ५० मिलिमीटर खोल भोक ०.०२५ मिलिमीटरने तिरपे पडेल. हे बहुतेक कामांना चालते. पण हलक्या बेंच ड्रिलचे टेबल जोर लावताच खाली झुकते, आणि ही चूक बिनजोराच्या तपासणीत दिसत नाही. बोथट ड्रिल दाबून चालवणारा माणूस टेबलालाही तिरपे करत असतो. तीक्ष्ण धार इथेही भोक सरळ ठेवते.

बारीक भोकांसाठी आणखी एक रीत आहे. स्पिंडलची जागा पक्की आणि काम धरणारा व्हाइसही बोल्टने पक्का केला, तर खळी आणि ड्रिलच्या अक्षातला छोटासा फरक ड्रिललाच वाकून भरून काढावा लागतो. म्हणून तीन-चार मिलिमीटरच्या भोकाला अनुभवी फिटर व्हाइस थोडा मोकळा ठेवतो. तो फिरू नये म्हणून त्याच्या बाजूला अटकाव लावतो, पण सरकायला जागा ठेवतो. ड्रिल खळीत उतरले की काम आपोआप त्याच्या खाली येते. मोठ्या भोकाला मात्र काम पक्केच बांधावे. तिथे पिळणारा जोर माणसाच्या हाताबाहेरचा असतो.

इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डात भोके पाडणारी ड्रिले हा याच विचाराचा टोकाचा नमुना. व्यास ०.१ मिलिमीटरपर्यंत, वेग मिनिटाला लाखाहून अधिक फेरे. ती टंगस्टन कार्बाइडची असतात, कारण कार्बाइडचा ताठपणा पोलादाच्या जवळजवळ तिप्पट. त्यांची कापणारी लांबी अगदी थोडी ठेवतात आणि मागे बहुतेकांना एकाच मापाची, ३.१७५ मिलिमीटरची जाड शँक देतात. अशा ड्रिलला वाकणे माहीत नाही, ते फक्त मोडते.

हायस्पीड स्टीलचे वाकलेले ड्रिल सरळ करावे का, हा प्रश्न मशीनवर काम करणारा प्रत्येक जण विचारतो. बाक पिळाच्या भागात असेल तर नाद सोडावा. कडक अंग हातोडीखाली तडकते, आणि न दिसणारी चीर पुढे चालू मशीनवर उघडते. शँकचा बाक वेगळा. मोठ्या ड्रिलांची शँक बहुधा मऊ पोलादाची, पिळाच्या भागाला वेल्ड करून जोडलेली असते. ती व्ही-ब्लॉकवर ठेवून, पितळी हातोडीने हलके ठोके देत आणि दर ठोक्यानंतर डायल पाहत सरळ करता येते. पुढून वाकलेले किंवा मोडलेले ड्रिलही पूर्ण वाया जात नाही. बाकाच्या मागे पातळ कटिंग व्हीलने, पाण्यात बुडवत बुडवत कापले आणि नवे टोक घासले की घरच्या घरी स्टब ड्रिल तयार होते. एक काळजी मात्र घ्यावी लागते. ड्रिलच्या मधला गाभा, ज्याला वेब म्हणतात, टोकापासून शँककडे जाताना जाड होत जातो. म्हणून आखूड केलेल्या ड्रिलची चिझेल एज रुंद निघते, जास्त जोर मागते आणि सुरुवातीला जास्त पळते. ग्राइंडिंग व्हीलच्या काठाने दोन्ही बाजूंनी गाभा सारखाच पातळ करून ती धार मूळच्या रुंदीवर आणावी आणि मगच ते ड्रिल चकमध्ये लावावे.